ग्वाल्हेरच्या हवेचं वजन

मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या शहरांच्या हवेची यादी जाहीर केली, तेव्हा भारतातल्या पहिल्या चार नावांत ग्वाल्हेर होतं. दिल्ली १५३, पाटणा १४९, ग्वाल्हेर १४४, रायपूर १३४. हे आकडे पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचे. एक घनमीटर हवेत असे किती मायक्रोग्रॅम कण आहेत, त्याची ही वर्षाची सरासरी. दोन वर्षांनी, मे २०१६ मध्ये, पुढची यादी आली. तिच्यात इराणमधलं झाबोल पहिलं आणि ग्वाल्हेर दुसरं होतं, आकडा १७६. मी तेव्हा पुण्यात होते. सकाळीच ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून काकांचा फोन आला. "अगं, पेपरात छापलंय ते खरं का? जगात दुसरं?"

हवेतले सूक्ष्म कण हाच माझा विषय, त्यामुळे उत्तर द्यायच्या आधी मी मूळ तक्ता उघडला. दोन्ही याद्यांत ग्वाल्हेरचा पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉन किंवा त्याहून बारीक सगळ्या कणांचा, आकडा एकच होता, ३२९. म्हणजे मोजमाप तेच, जुनंच. मग बारीक कण १४४ चे १७६ कसे झाले? पीएम २.५ ला पीएम १० ने भागून बघितलं. २०१४ च्या यादीत ग्वाल्हेरचं प्रमाण ०.४४ आणि रायपूरचंही ०.४४. २०१६ च्या यादीत ग्वाल्हेर आणि अलाहाबाद दोघांचंही ०.५३ ते ०.५४. वेगवेगळ्या गावांच्या हवेत बारीक आणि जाड कणांचं प्रमाण असं जोडीजोडीने जुळत नाही. जिथे बारीक कणांची मोजणी नाही तिथे पीएम १० ला एका गुणकाने गुणून पीएम २.५ काढलं जातं, आणि संघटनेने हे कुठेही लपवलेलं नव्हतं. तक्त्यात तशी नोंद असते. बातमीत मात्र ती नोंद येत नाही. ज्या आकड्याने आमचं गाव जगभर गाजलं, त्या आकड्यामागे ग्वाल्हेरात तोललेला बारीक कणांचा एकही फिल्टर नव्हता.

काकांना मी म्हटलं, हवा वाईट आहे यात शंका नाही. भारतात पीएम १० ची वर्षाची मर्यादा ६० आहे आणि आपल्याकडे ३२९, म्हणजे साडेपाच पट. पण त्यात धूळ किती आणि धूर किती, हे अजून कुणी नीट तोललेलं नाही. काका म्हणाले, "मग तोला की कुणीतरी."

पुण्यातलं बस्तान हलवून मी परत ग्वाल्हेरला आले त्याचं कारण विचारलं तर मी हेच सांगते.

माझं बालपण महाराज बाड्याजवळच्या एका गल्लीत गेलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास तळ ठोकला आणि त्या छावणीचंच पुढे शहर झालं, ते आमचं लष्कर. मे महिन्यात दुपारी तीन-चारला पश्चिमेकडे आकाश पिवळं व्हायला लागलं की आई ओरडायची, "आंधी येतेय, गच्चीवरच्या कुरडया आत घ्या!" पाच मिनिटांत दिवे लावावे लागतील असा अंधार. नंतर घरातल्या प्रत्येक वस्तूवर धुळीचा थर, दातांखालीही करकर. ती धूळ आम्हाला ऋतूचाच भाग वाटायची. तिच्यावर कुणी आयुष्य घालवतं हे मला जिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करेपर्यंत ठाऊक नव्हतं.

ठाऊक झालं ते १९९९ मध्ये. त्या वर्षी जानेवारी ते मार्च हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' नावाची मोठी मोहीम झाली. जहाजं, विमानं, मालदीवच्या एका बेटावरचं केंद्र, आपलं संशोधन-जहाज 'सागरकन्या'सुद्धा त्यात होतं. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन हे शास्त्रज्ञ मोहिमेचे म्होरके. भारतीय उपखंडावरून निघालेलं तपकिरी धुरकट आवरण हजारो किलोमीटर समुद्रावर पसरलेलं त्यांनी मोजून दाखवलं. सूर्याची उष्णता अडवण्या-शोषण्यात त्या कणांचा वाटा किती हेही मांडलं. विद्यापीठाच्या वाचनालयात त्याचा वृत्तान्त वाचताना मला प्रथमच जाणवलं की आमच्या चुलीचा, ट्रकचा, भट्टीचा धूर समुद्र ओलांडतो आणि तो पकडून तोलता येतो. पीएच.डी. याच विषयात करायची असं ठरवून मी पुण्याला गेले.

तिथली पहिली काही वर्षं एका एथेलोमीटरच्या सोबतीत गेली. या यंत्रात हवा एका फिल्टरपट्टीतून ओढली जाते, पट्टीवर काजळी साठत जाते, आणि तिच्यातून प्रकाश किती कमी पार होतो त्यावरून काजळीचं प्रमाण निघतं. काजळीसाठी ८८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घेतात, कारण तिथे धूळ आणि सेंद्रिय पदार्थ फारसे आड येत नाहीत. सोबत ३७० नॅनोमीटरचं, अतिनील टोकाचं रीडिंग असतं. लाकूड-शेणी जळल्याच्या धुरातली तपकिरी द्रव्यं तिथे जास्त शोषण करतात. दोन्हींची तुलना केली की डिझेलचा धूर आणि चुलीचा धूर थोडेफार वेगळे काढता येतात. आमच्या सरांची शिस्त कडक होती. आलेख काढून दाखवला की ते आधी लॉगबुक मागायचे. पंप केव्हा बंद होता, शेजारी बांधकाम होतं का, कुणी कचरा पेटवला होता का. ती वही आजही माझ्या प्रत्येक सॅम्पलरशेजारी, म्हणजे हवा ओढून कण गोळा करणाऱ्या यंत्राशेजारी, टांगलेली असते.

कणांचं आकारमान हा या विषयाचा कणा आहे, म्हणून थोडं त्याबद्दल. जाड कण, पाच-दहा मायक्रॉनचे, स्वतःच्या वजनाने काही तासांत खाली बसतात. अतिसूक्ष्म कण, शंभर नॅनोमीटरहून लहान, एकमेकांवर आपटून चिकटतात आणि मोठे होतात. या दोहोंच्या मध्ये, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनच्या पट्ट्यात, कणांना खाली बसायला वजन पुरत नाही आणि चिकटून मोठं व्हायला चपळाई पुरत नाही. पाऊस नसेल तर ते आठवडाभर हवेत राहतात आणि वाऱ्याबरोबर राज्यं ओलांडतात. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोषापर्यंतही पोहोचतात. धूळ बहुतांशी जाड बाजूला, धूर बहुतांशी या मधल्या पट्ट्यात. म्हणून पीएम १० ला गुणून पीएम २.५ काढताना तो गुणक त्याच गावचा आणि त्याच ऋतूचा नसेल, तर हाती येणाऱ्या आकड्यात धूळ धूर होऊन बसते किंवा धूर धूळ.

ग्वाल्हेरसाठी निधी मागितला तेव्हा पहिल्यांदा नकार आला. समितीतल्या एका सदस्यांनी विचारलं, दिल्ली आणि कानपूरवर एवढं काम झालंय, ग्वाल्हेरात नवीन काय सापडणार? मला त्याचं वाईट वाटलं, आजही वाटतं. कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून सूर्यप्रकाशावरून हवेतले कण मोजणारा सूर्यप्रकाशमापक चालू आहे, तिथल्या कामावरच मी शिकले, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण कानपूर गंगेच्या गाळावर बसलंय. ग्वाल्हेरच्या उत्तरेला चंबळचे बीहड (मातीच्या घळी), पश्चिमेला राजस्थान, आजूबाजूला वालुकाश्माच्या खाणी, बिलौआकडे काळ्या दगडाची गिट्टी काढणारे क्रशर. किल्ला ज्या दगडावर उभा आहे तोच दगड इथे कापला जातो, फोडला जातो, रस्त्यावर सांडतो, चाकांखाली दळला जातो. या गावचा गुणक दुसऱ्या कुठल्या गावावरून कसा काढणार? पुढच्या खेपेला हेच मुद्दे जास्त नेटाने मांडले, आणि दोन सॅम्पलर, एक मायक्रोबॅलन्स (अतिसूक्ष्म वजनं करणारा तराजू) आणि एका सहायकाचा पगार एवढं मंजूर झालं.

एक सॅम्पलर आम्ही शहराबाहेरच्या बाजूला बसवला आणि दुसरा लष्करात, एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर. वाड्याच्या मालकीण आजी. ऐंशीच्या घरात, आयुष्यभर ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकलेल्या आणि शिकवलेल्या. गच्ची द्यायला त्या लगेच तयार झाल्या, फक्त पंप चालू झाल्यावर जिन्यात येऊन विचारलं, "बाळ, हे किती वेळ घुमणार?" मी म्हटलं, चोवीस तास, आजी. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "पट्टीत तरी आहे बरं." माकडांनी मात्र त्याला पट्टीत घेतलं नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी सॅम्पलरची पावसाळी टोपी उपटली, मग लोखंडी जाळी ठोकून घेतली.

हा सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो, म्हणजे तासाला एक घनमीटर, दिवसाला २४. आत गेलेली हवा एका ठिकाणी अचानक वळवलेली असते. हलके कण हवेबरोबर वळतात, जड कणांना वळता येत नाही, ते समोरच्या तेल लावलेल्या तबकडीवर आपटून तिथेच राहतात. पुढे जातात ते फक्त अडीच मायक्रॉनखालचे, आणि ते ४७ मिलिमीटर व्यासाच्या टेफ्लॉन फिल्टरवर बसतात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात इथेच खरी अडचण येते. धूळ इतकी असते की तबकडी भरून जाते, मग नंतर आलेले जाड कण तिच्यावर चिकटण्याऐवजी उडी मारून पुढे फिल्टरवर जातात आणि बारीक कणांचं वजन खोटं वाढतं. यंत्राच्या पुस्तिकेत तबकडी काही दिवसांनी साफ करायला सांगितलंय. एप्रिल ते जूनमध्ये आम्ही ती रोज साफ करतो. हे काम कंटाळवाणं आहे, ४५ अंशांत गच्चीवर उभं राहून करायचं आहे, आणि सगळा उन्हाळी आकडा त्यावर उभा आहे.

वजन करण्याची खोली हा माझ्या कामाचा सगळ्यात शांत भाग. कोरा फिल्टर चोवीस तास त्या खोलीत ठेवायचा, तापमान आणि आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत. मग चिमट्याने कडेला धरून आयनायझरसमोरून न्यायचा, कारण टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते आणि तिच्या ओढीने तराजू भलतंच दाखवतो. तराजू एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचतो. दार उघडलं तरी आकडा हलतो, जवळ जोरात श्वास सोडला तरी हलतो. तीनदा तोलायचं, तिन्ही जुळली तरच वहीत लिहायचं. शेजारी एक कोरा फिल्टर कायम ठेवलेला, जो कधीच हवेत जात नाही, फक्त तोलला जातो. त्याचं वजन बदललं तर दोष खोलीत आहे. हवेत बारीक कण त्यांच्या चोवीस तासांच्या मर्यादेएवढे, म्हणजे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील, तर चोवीस तासांत फिल्टरचं वजन १.४४ मिलिग्रॅमने वाढतं. एवढ्याशा फरकावर एका शहराबद्दल बोलायचं असतं, म्हणून मला या खोलीत घाई केलेली चालत नाही. माणूस दिवसाला साधारण १० ते १५ घनमीटर हवा आत घेतो. फिल्टर हातात घेतला की याच्या निम्मं कुणाच्या तरी छातीत गेलंय, हा हिशेब मनात आपोआप होतो.

वर्षभराचे फिल्टर टेबलावर ओळीने मांडले की तारीख न वाचता ऋतू सांगता येतो. ऑगस्टचे जवळपास पांढरे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून राखी, डिसेंबर-जानेवारीत काळे. मार्चनंतर काळेपणा फिका होत जातो आणि मेमध्ये फिल्टर भाजलेल्या बेसनासारखा दिसायला लागतो.

२ मे २०१८ च्या संध्याकाळी जी आंधी आली ती उत्तर भारत विसरलेला नाही. आग्रा, धौलपूर, भरतपूर, अलवर, सगळीकडे झाडं आणि घरं पडली, शंभरहून जास्त माणसं गेली. आग्रा आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरही नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेले तेव्हा सॅम्पलरच्या तबकडीवरचं तेल दिसतच नव्हतं, धुळीचा सपाट थर होता. त्या दिवसाचा पीएम २.५ चा फिल्टर मी हिशेबातून बाजूला काढला, कारण अशा भरलेल्या तबकडीनंतर त्यावर जाड कण उतरले नाहीत याची खात्री कशी देणार? पण तो फिल्टर टाकला नाही. त्यातल्या सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोहाचं प्रमाण आम्ही क्ष-किरणांनी तपासून घेतलं. दूरच्या वाळवंटी धुळीची खूण आणि आपल्या रस्त्यावरच्या धुळीची खूण यांतला फरक समजायला असे दिवस फार उपयोगी पडतात. रस्त्यावरच्या धुळीत ब्रेकमधलं तांबं आणि अँटिमनी असतं, टायरमधलं जस्त असतं. वाळवंटातून आलेल्या धुळीत ते फारसं नसतं.

कुठून काय आलं हे ओळखायची रीत अशी. फिल्टरचे तुकडे वेगवेगळ्या तपासण्यांना जातात. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं, आयन क्रोमॅटोग्राफीने सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, क्लोराइड, आणि क्वार्ट्झ फिल्टरचा तुकडा टप्प्याटप्प्याने तापवून सेंद्रिय कार्बन आणि काजळी. लाकूड जळलं की त्यातल्या सेल्युलोजपासून लेवोग्लुकोसॅन नावाची साखर तयार होते, ती दगडी कोळशाच्या किंवा डिझेलच्या धुरात जवळजवळ नसते, त्यामुळे ती सापडली की चूल, शेकोटी किंवा शेतातली आग समजायची. कचरा-प्लॅस्टिक जळलं की क्लोराइड वाढतं. सल्फेटचं मूळ बहुधा दगडी कोळशाच्या वायूत असतं, आणि तो कोळसा शेकडो किलोमीटरवर जळलेला असू शकतो. मग या सगळ्या फिल्टरांचे आकडे एका मोठ्या तक्त्यात घालून संगणकाला विचारायचं की कुठली द्रव्यं एकत्र वाढतात आणि एकत्र घटतात. पाटेरो आणि टॅपर यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. तिच्यात कुठल्याही घटकाचं योगदान शून्याखाली जाऊ दिलं जात नाही, कारण वजन उणे नसतं. संगणक गट देतो, त्यांना नावं द्यायची ती मात्र आपण, आणि तिथे गावाची ओळख लागते. गजक ही तीळगुळाची मिठाई करणाऱ्यांच्या भट्ट्या केव्हा पेटतात, महापालिका चौकाचौकांत शेकोटीची लाकडं कधी टाकते, ती संपली की माणसं काय जाळतात, हे माहीत नसेल तर गटाचं नाव चुकतं.

शेकोटीचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. जानेवारीतल्या एका रात्री फिल्टर बदलायला उशिरा गेले होते. वाड्याच्या कोपऱ्यावर तीन-चार रिक्षावाले आणि एक चौकीदार बसले होते. लाकूड संपलं होतं. त्यांनी सायकलचा जुना टायर टाकला, वर प्लॅस्टिकची पोती. धूर वर गेलाच नाही, कमरेच्या उंचीवर आडवा पसरला आणि गल्लीत शिरला. तापमान चारच्या आसपास असेल. त्यांना मी काय सांगणार होते? त्या रात्री त्यांच्या हाताला दुसरं काही नव्हतं.

धूर आडवा का पसरला, याचं उत्तर आजींच्या रियाजाशी येऊन भिडलं. थंडीत रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवा गार होते, आणि वर तुलनेने गरम हवेचं झाकण बसतं. शहरातला सगळा धूर शंभर-दोनशे मीटरच्या थरात अडकतो. पहाटे चुली, वाहनं, शेकोट्या यांची भर पडते. सूर्याने जमीन तापवायला घेतली की तो थर हळूहळू फुगतो, दुपारपर्यंत किलोमीटरभर होतो, आणि तोच धूर पातळ होतो. आमच्या तासातासाच्या नोंदींत डिसेंबर-जानेवारीत सकाळचे सात ते दहा सर्वांत वाईट, दुपारचे दोन ते चार सर्वांत बरे.

आजी रोज पहाटे पाचला खर्ज लावायला बसतात, खिडक्या उघड्या टाकून. थंडीभर त्यांचा घसा धरलेला असायचा. एकदा मी आलेख घेऊन गेले आणि सांगितलं, आजी, हिवाळ्यात रियाज दुपारी करा.

"दुपारी खर्ज? माझ्या गुरूंनी पहाटे बसवलं, त्यांच्या गुरूंनी त्यांना. आणि भैरव दुपारी कसा गाऊ गं?"

मी म्हटलं, गरम हवेचं ते झाकण तेव्हाही असणार, पण त्याखाली एवढा धूर नव्हता.

त्या बराच वेळ आलेखाकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "खिडक्या लावल्या तर?" मी खरं तेच सांगितलं. जाड कण अडतील, बारीक आत येतातच, फटीतून येतात. मुलाने त्यांना हवा शुद्ध करणारं यंत्र आणून दिलं, पण त्याची घरघर तानपुऱ्यात मिसळते म्हणून त्या ते लावत नव्हत्या. शेवटी असं ठरलं की रात्री झोपताना खिडक्या लावून यंत्र चालू ठेवायचं आणि पाचला बंद करून बसायचं. बंद खोलीत तासभर तरी हवा बरी राहते, मी छोटं मोजयंत्र ठेवून बघितलं. एवढ्या संशोधनातून एका बाईला एवढाच सल्ला देता आला, पण तो त्यांच्या घरात मोजून दिलेला होता. गेली दोन वर्षं त्यांचा आवाज थंडीत बसलेला नाही. याचं श्रेय यंत्राला द्यायला मी शास्त्रज्ञ म्हणून कचरेन, पण मला फार बरं वाटतं.

आता त्या गुणकाबद्दल. उन्हाळ्यात आमच्याकडे पीएम १० मधला बारीक कणांचा हिस्सा तिसऱ्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, हिवाळ्यात तो निम्म्याच्या वर जातो. उत्तर भारतातल्या इतर ठिकाणीही चित्र असंच आहे. म्हणजे वर्षभरासाठी एकच गुणक घेऊन काढलेला आकडा उन्हाळ्यासाठी चढा आणि हिवाळ्यासाठी उतरता होतो. हे छापून आल्यावर एका बैठकीत मला ऐकवलं गेलं, "मॅडम, म्हणजे ग्वाल्हेरात नुसती धूळच आहे. ती निसर्गाची. बदनामी उगाच झाली." तो प्रसंग मला फार लागला. मी सांगितलेल्यातला उन्हाळा त्यांनी घेतला आणि हिवाळा टाकून दिला. शिवाय ती धूळही निसर्गाची किती? आंधी वर्षातून मोजके दिवस येते. उरलेल्या दिवसांची धूळ झाकण न घातलेल्या गिट्टीच्या ट्रकमधून, उखडलेल्या रस्त्याच्या कडेवरून, बांधकामावरून येते. आणि दगडाच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते, दगड फोडणाऱ्या मजुरांना तिच्यानेच सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. त्याला 'नुसती' म्हणणं मला जमत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात मध्य प्रदेशातून ग्वाल्हेरही आहे. शहरांची प्रगती मोजली जाते ती मुख्यतः पीएम १० वर. त्यामुळे देशभर निम्म्याहून अधिक खर्च रस्त्यावरच्या धुळीकडे गेला. पाणी मारायच्या गाड्या, रस्ते झाडायची यंत्रं. रस्ते झाडले गेले याचा मला आनंदच आहे, मी त्याच रस्त्यांवर वाढले. पण जानेवारीच्या रात्री लहान मुलाच्या छातीत जे जातं ते पाण्याच्या फवाऱ्याने खाली बसत नाही. शेकोटीला पुरेसं सुकं लाकूड, त्याहून चांगलं म्हणजे रात्रीच्या चौकीदाराला बंद केबिन आणि हीटर, हॉटेलांच्या कोळशाच्या भट्ट्यांना गॅस, कचरा जाळण्यावर रात्रीची गस्त, हे खर्च त्या मानाने थोडे आहेत. प्रत्येक बैठकीत मी हेच चार मुद्दे मांडते, क्रमही बदलत नाही.

स्वस्त सेन्सरबद्दल मला हल्ली फार विचारलं जातं, कारण मोबाइलवर आकडा दिसायला लागलाय. हे सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवेत ओलावा फार असला की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर जास्त दाखवतो. जानेवारीच्या धुक्यात त्याचा आकडा म्हणून चढा येतो. उलट जाड धूळ त्याला नीट दिसतच नाही. आंधीच्या दिवशी दात करकरत असताना मोबाइलवर 'हवा ठीक' असं मी पाहिलंय. ते वापरू नका असं मी म्हणत नाही. वजनाच्या सॅम्पलरशेजारी ऋतूभर ठेवून, जुळवून घेऊन वापरले तर गल्लीगल्लीतला फरक दाखवायला फार चांगले आहेत. शाळेतल्या मुलांना घेऊन ते काम आम्ही सुरू केलंय.

सध्या माझं मन वेगळ्याच प्रश्नात आहे. वजन सारखं असलं तरी सगळे कण शरीरात सारखंच नुकसान करत नाहीत. एक मिलिग्रॅम वालुकाश्माची धूळ आणि एक मिलिग्रॅम जळक्या टायरचा धूर यांची तुलना तराजूवर होत नाही. पेशींना इजा करणारे ऑक्सिजनयुक्त रेणू किती तयार होतात हे परीक्षानळीत तपासायची पद्धत आहे. डायथायोथ्रीटॉल नावाचं द्रव्य कणांच्या अर्कात किती वेगाने संपतं ते बघायचं, ते जितक्या लवकर संपेल तितकी त्या कणांची घातकता जास्त. त्यासाठी फिल्टर लागतात, आणि ते आमच्याकडे आहेत. पहिल्या हिवाळ्यापासून प्रत्येक क्वार्ट्झ फिल्टरचा अर्धा तुकडा उणे २० अंशांवर ठेवलेला आहे. वीज गेली की जनरेटर चालू झाला का हे बघायला माझा सहायक मध्यरात्रीही धावत जातो, ते याच तुकड्यांसाठी. त्यांतले मे आणि जानेवारीचे काढून आम्ही तपासणी सुरू केली आहे. रस्त्याची धूळ, आंधीची धूळ, शेकोटीचा धूर आणि कोळशाचं सल्फेट यांतलं कुठलं आधी आवरायला हवं, हे तेव्हा वजनाच्या पलीकडे जाऊन सांगता येईल. महापालिकेच्या पुढच्या आराखड्याआधी निदान दोन हिवाळ्यांचे निकाल हातात असावेत म्हणून सध्या प्रयोगशाळा रविवारीही उघडी असते.